आई-बाबांचा जुना डेस्कटॉप: विंडोज १०, ११, लिनक्स की मॅक?

मिरजवाला

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे. बाबा निवृत्त शिक्षक. ते आणि आई मिरजेत असतात, मी पुण्यात. त्यांच्याकडे २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे: सहाव्या पिढीचा इंटेल आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबवले. तेव्हापासून पडद्यावर सारख्या सूचना येतात आणि बाबा अस्वस्थ होतात. गल्लीतल्या दुकानदाराने येऊन पाहिलं आणि सांगितलं, "यावर अकरा चढणार नाही, नवीन घ्या."

वापर असा: बाबा मराठीत भरपूर लिहितात, शाळेच्या स्मरणिकांपासून गावच्या आठवणींपर्यंत. बँक, पेन्शन, मेल, यूट्यूबवर नाट्यसंगीत, बहिणीशी व्हिडिओ कॉल. आई रेल्वेची तिकिटं काढते. एक लेझर प्रिंटर आहे. गेम कोणी खेळत नाही.

नवीन यंत्र घ्यायला अगदीच अडचण आहे असं नाही, पण चालता संगणक फेकायला जीव होत नाही. त्याहून मोठी काळजी बाबांच्या सवयीची आहे. एखादं चित्र जागेवरून हललं तरी ते फोन करतात आणि पलीकडून मला काहीच दिसत नसतं. काय करू?

कळफलक

मिरजवाला, दुरुस्तीचं काम माझ्या रोजच्या हातातलं आहे, म्हणून आधी हे सांगतो: तो संगणक भंगारात घालण्यासारखा अजिबात नाही.

दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप किंवा सोय), सिक्युअर बूट (फक्त ओळखीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलमध्ये ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीमध्ये रायझन २००० पासून. तुमच्या बोर्डावर टीपीएम बहुतेक बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'पीटीटी' नावाने बंद असेल. तो चालू करता येईल, पण सहावी पिढी यादीत नाही ती नाहीच. प्रोसेसरमध्ये ताकद नाही म्हणून नव्हे, कंपनीने रेघ तिथे मारली म्हणून.

आता बाबांच्या संगणकावर एक बघा. चालू केल्यावर पाच मिनिटांनी टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिस्क'चा रकाना पाहा. तिथे १०० टक्के दिसत असेल तर सगळा संथपणा त्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. साधी साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. लोक विंडोज हवं की लिनक्स यावर तासन्तास वाद घालतात आणि मूळ रोग डिस्कचा असतो. एसएसडी घातल्यावर तोच विंडोज १० तुम्हाला नव्या यंत्रासारखा वाटेल.

अपडेटचं म्हणाल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे वाढीव अपडेट ठेवले आहेत. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नावनोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवलात तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. हे आजच करा, म्हणजे बाकीचा विचार शांतपणे करता येईल.

मुक्तछंद

कळफलक यांच्या एसएसडीच्या मुद्द्याला +१. पण ऑक्टोबर २०२६ नंतर काय? पुन्हा तीच सूचना, पुन्हा तोच दुकानदार. बाबांचा वापर वाचला तर ऐंशी टक्के काम ब्राउझरमध्ये आहे. अशा घराला लिनक्स मिंट (लिनक्स या मोफत प्रणालीचा एक प्रकार) शोभतो.

उबंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराऐवजी मिंट का, तर त्याच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे. विंडोज ७ किंवा १० वापरलेल्या माणसाचा हात आपोआप योग्य जागी जातो. उलट विंडोज ११ मध्येच स्टार्ट बटण मधोमध आलंय (सेटिंग्जमधून डावीकडे नेता येतं, पण ते बाबांना कोण सांगणार?). मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवरही ती चालते, तुमच्याकडे तर ८ आहे.

काहीही पुसायच्या आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप उघडतो. तिथे इतकं तपासा: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, बाबांच्या बँकेचं पान उघडतंय का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटरवर एक कागद निघतोय का. यातलं काही अडलं तर पेन ड्राइव्ह काढा, संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज जागेवर असेल.

जमाखर्च

मुक्तछंद, तुमचा उत्साह पटतो, पण मी करसल्लागार आहे आणि दर वर्षी असे दोन-तीन अशील येतात ज्यांच्या मुलाने हौसेने लिनक्स घालून दिलेलं असतं. मग जूनमध्ये धावाधाव.

मिरजवाला, या गोष्टी आधी विचारा. घरात कोणी टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) वापरतं का? टॅली विंडोजवरच चालतं. कोणाकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आहे का, सोसायटीच्या किंवा ट्रस्टच्या कामासाठी? काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण पोर्टल, सहीचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर या तिघांचं एकमेकांशी जमवणं हे वेगळंच काम आहे. मी ते कुठल्याही ज्येष्ठ नागरिकाला करायला सांगणार नाही. कोणाचा हिशोब मॅक्रो (आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्राम) असलेल्या एक्सेल फायलीत आहे का? लिनक्सवरच्या लिब्रेऑफिस या ऑफिस प्रोग्राममध्ये अशा फायली उघडतात, पण आतली बटणं भरवशाची राहत नाहीत.

हे काहीच नसेल तर माझी हरकत नाही. पेन्शनरांचं साधं विवरणपत्र आयकर पोर्टलवर ब्राउझरमध्येच भरता येतं आणि ई-पडताळणी आधारच्या ओटीपीने होते. हयातीच्या दाखल्यासाठीही आता संगणकाला बोटांचे ठसे घेणारं यंत्र लावायची गरज नाही, जीवन प्रमाणचं काम अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून होतं.

मिरजवाला

सगळ्यांचे आभार. टॅली नाही, टोकन नाही. पण बाबांना विचारलं तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली: त्यांचं जवळजवळ सगळं जुनं लेखन श्रीलिपीत, म्हणजे त्या मराठी सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. शेकडो वर्ड फायली. टायपिंग ते इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने करतात. "माझ्या फायली उघडल्या नाहीत तर मला काहीही नको," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

कळफलक

म्हणजे खरा प्रश्न आत्ता समोर आला. एसएसडी, प्रोसेसर यांचं काहीही होईल, त्या फायली जपायला हव्यात.

रंगरेषा

यात मी लक्ष घालते, कारण लग्नपत्रिका, स्मरणिका, पुस्तकांची मुखपृष्ठं हेच माझं काम आहे आणि जुने फॉन्ट रोज समोर येतात.

जुन्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात. त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचं काम तो फॉन्ट करतो. फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली. बिघडलेली नसते. फॉन्टची फाइल लिनक्सवर किंवा मॅकवर बसवली की वाचण्यापुरतं बहुतेक वेळा दिसू लागतं. पण त्यात नवीन टाइप करायला श्रीलिपीचा स्वतःचा कीबोर्ड प्रोग्राम लागतो. तो विंडोजचा.

म्हणून फायली युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत. तुम्ही कुठलीही प्रणाली घेतलीत तरी हे करायलाच हवं, नाहीतर बाबांना 'कृष्णाकाठ' हा शब्द स्वतःच्या लेखनात शोधता येणार नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण नीट तपासावं लागतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने साठवलेली असते, म्हणजे 'कि' मध्ये आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. रफाराचं उलट: 'सूर्य' मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य नंतर येतो, युनिकोडमध्ये य च्या आधी. जोडाक्षरावर रफार आणि शेजारी वेलांटी असली की रूपांतर तिथेच चुकतं. 'र्‍या' आणि 'ऱ्हा' असलेले शब्द डोळ्यांनी वाचून काढा.

प्रत्येक जुन्या फाइलची विंडोजवर असतानाच एक पीडीएफ करून ठेवा. पुढे शंका आली तर मूळ पान कसं होतं ते तिथे दिसेल.

आणि इनस्क्रिप्ट ही तर मोठी सोय झाली. ही मांडणी सरकारने १९८६ साली ठरवली, पुढे भारतीय मानकात घेतली, आणि आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही ठिकाणी ती आयती असते. बाबांच्या बोटांना नवीन काही शिकावं लागणार नाही. मराठी टायपिंगची परीक्षा दिलेले आणि रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर) हात बसलेले लोक यात जास्त अडतात.

मुक्तछंद

रंगरेषा, उत्तम माहिती. भर घालतो: मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडलं की काम झालं. ज्यांना रोमन पद्धतीने लिहायची सवय आहे त्यांनी आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम बसवावेत, त्यात गमभन या रोमन पद्धतीची मांडणीसुद्धा आहे. विंडोजवर २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, वेगळं काही डाउनलोड करायला नको.

घाईगडबड

एवढा खटाटोप कशाला? रुफस हा प्रोग्राम वापरून पेन ड्राइव्ह बनवा, टीपीएमची अट काढून टाका, विंडोज ११ चढतं. मी केलंय, उत्तम चालतं.

कळफलक

चढतं, मान्य. स्वतःच्या यंत्रावर जरूर करा. पण अशा संगणकाला अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. २४एच२ आवृत्तीने तर फार जुने प्रोसेसर मुळातूनच बाद केले. दोनशे किलोमीटरवरच्या आईवडिलांच्या घरी अशी व्यवस्था ठेवणं मला योग्य वाटत नाही.

याच ओघात एक कळकळीचं सांगणं. दुकानात 'विंडोज टाकून देतो' म्हणून जे टाकतात, ते खरेदी केलेलं आहे का हे विचारा. अ‍ॅक्टिव्हेशन फोडणारा जो छोटा प्रोग्राम असतो तो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. त्याच संगणकावर बाबा बँकेत लॉगिन करणार आहेत. फुकटच हवं असेल तर लिनक्स फुकट आणि सरळ मार्गाचं आहे.

कोचीकर

नोकरीमुळे कोचीत राहतो. इथल्या सरकारी शाळांत 'काइट' या राज्याच्या संस्थेने उबंटूवर बेतलेली प्रणाली दिलेली आहे. माझी मुलगी पाचवीपासून तेच वापरते, घरीही तेच आहे. तिला ते अवघड आहे असं कोणी कधी सांगितलंच नाही, म्हणून अवघड गेलं नाही. आपल्याकडे एमएस-सीआयटीपासून सगळ्यांचा हात विंडोजवर बसतो आणि मग दुसरं काहीही परकं वाटतं. आपल्याकडे सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' लिनक्स २००७ पासून आहे, पण घरात ते वापरणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. मिरजवाला यांच्या बाबांनी सत्तरीत लिनक्स शिकावं असं मी म्हणत नाही. शिकायला फारसं काही नाही एवढंच म्हणतो.

कानसेन

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने) हा धागा वाचतोय. प्रणालींची तुलना करताना आमची आठवण सहसा कोणी काढत नाही, म्हणून लिहितो.

घरात कोणाची नजर अधू असेल किंवा होत चालली असेल तर माझं मत विंडोजच्या बाजूने. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्यात मराठी आवाज आहे आणि मदत करणारे लोक भारतभर आहेत. लिनक्सवर ऑर्का आहे. तो चालतो, मनापासून बनवलेला आहे, पण डेस्कटॉप बदलला की अनुभव बदलतो आणि काही प्रोग्राम एकदम मुके होतात. मॅकवर व्हॉइसओव्हर पहिल्या सेकंदापासून बोलतो, अगदी प्रणाली बसवतानासुद्धा. ती गोष्ट मला फार आवडते. यंत्राची किंमत मात्र सगळ्यांच्या आवाक्यातली नाही.

ज्यांना थोडं कमी दिसतं त्यांच्यासाठी: विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबा, पडदा मोठा होतो. हे कितीतरी आजी-आजोबांना माहीत नसतं.

रंगरेषा

कानसेन, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

मॅकचा विषय निघालाच आहे तर थोडं. मला मॅक प्रिय आहे, रंगाचं काम मी त्यावरच करते. एम४ चिपचा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह. पण पडदा, कीबोर्ड, माउस वेगळे. ज्यांच्याकडे ते आहेत आणि ज्यांना बरीच वर्षं विचार करायचा नाही त्यांना तो चांगला. वापरलेला इंटेल मॅकबुक स्वस्त दिसला म्हणून मात्र घेऊ नका. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. आणि विंडोजवर वापरलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅकला लावली तर फायली वाचता येतात, पण ती विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची असेल तर त्यात लिहिता येत नाही. घरी पाहुणा फोटो न्यायला आला की ही अडचण हटकून येते.

आजीची नात

माझ्या आजीकडे क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएस प्रणालीचा लॅपटॉप) आहे. तिला फक्त मेल, यूट्यूब आणि आम्हाला बघायचं असतं. २०२१ पासूनच्या क्रोमबुकांना दहा वर्षं अपडेट मिळतात. जुन्या डेस्कटॉपवर क्रोमओएस फ्लेक्सही मोफत घालता येतं, पण त्यात अँड्रॉइडची अ‍ॅप चालत नाहीत आणि इंटरनेट गेलं की फार थोडं उरतं. भरपूर लिहिणाऱ्या काकांसाठी मी सुचवणार नाही.

जमाखर्च

एक विचारायचं राहिलं होतं: प्रिंटर कोणता? लिनक्सवर लोक सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

मुक्तछंद

खरं आहे. एचपीचे बरेचसे एचपीएलआयपी या ड्रायव्हरमुळे लगेच चालतात. १०२० सारख्या जुन्या लेझरला दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटरचा आतला प्रोग्राम) पाठवावं लागतं, त्यासाठी एचपीचा प्लगइन एकदा बसवावा लागतो. घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० कॅननच्या स्वतःच्या 'कॅप्ट' पद्धतीचा आहे, त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि हट्टी. एअरप्रिंट (वायफायवरून छपाईची सोय) असलेला कुठलाही नवा वायफाय प्रिंटर सहसा ड्रायव्हरशिवाय चालतो.

व्हायरसबद्दलही बोलतो, कारण लिनक्सवाले इथे जास्तच बढाया मारतात. विंडोजसाठी बनवलेले व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत हे खरं. पण 'तुमचं खातं बंद होणार' असा फोन, खोट्या बँकेचं पान, ओटीपी मागणारा मेल, यांना प्रणालीशी देणंघेणं नसतं. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हा आकडा संगणकाच्या शेजारी कागदावर लिहून चिकटवा.

मिरजवाला

गेल्या आठवड्यात मिरजेला जाऊन आलो. सध्या असं केलंय:

वाढीव अपडेटची नोंदणी केली. नवी एसएसडी आणली, पण कळफलक यांच्याशी फोनवर बोलून तिच्यावर विंडोज न घेता मिंट घातलं. जुनी हार्ड डिस्क, विंडोज आणि श्रीलिपी जसंच्या तसं, आतच आहे. सुरू करताना काय हवं ते निवडता येतं. प्रिंटर मिंटवर चालला. त्याच यंत्राचं स्कॅनर अजून चालत नाही, ते बघतोय.

मिंटमध्ये इनस्क्रिप्ट लावून दिलं तेव्हा बाबांनी काही न बोलता अर्धं पान लिहून काढलं. फायली युनिकोडमध्ये आणायचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलंय, रोज थोड्या. आई मात्र नाराज आहे. तिला तिकिटांच्या पानावर अक्षरं बारीक दिसतात. ब्राउझरमध्ये मोठी करून दिली, तरी ती म्हणते पूर्वीचं बरं होतं. तिच्यासाठी विंडोज आहेच.

एक प्रश्न: मिंटमध्ये टाइमशिफ्ट चालू केलंय. त्यात बाबांचं लेखनही सुरक्षित राहतं ना?

कळफलक

नाही! बरं झालं विचारलंत. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये फक्त प्रणालीच्या फायली सांभाळतं, होम फोल्डर त्यात येत नाही. अपडेटने काही बिघडलं तर मागे जाण्यासाठी ते आहे. लेखनासाठी मिंटच्या मेनूमध्ये वेगळं बॅकअप टूल आहे, ते बाहेरच्या डिस्कवर दर आठवड्याला चालवा, आणि एक प्रत तुमच्याकडे पुण्यात ठेवा. श्रीलिपीतल्या मूळ फायली युनिकोड झाल्या म्हणून पुसू नका. रूपांतरातली चूक कधीकधी वर्षाने सापडते.

स्कॅनरचं मॉडेल कळवा. बहुतेक 'सिंपल स्कॅन'मधून निघेल, नाही निघालं तर रविवारी फोनवर बघू.